गावरान बियाण्यांच्या गटासाठी वेबसाइट आणि चर्चामंच : प्रकल्प नोंदी (जून ते सप्टेंबर २०२५)

३ जून

कालच्या बैठकीत ठरलं की संस्थेला वेबसाइट हवी आणि शिवाय ‘लोकांना एकमेकांना विचारता येईल असं काहीतरी’ हवं. काम माझ्याकडे आलं, कारण संस्थेचे हिशेब मी टॅलीत लिहिते. टॅली येतं म्हणजे संगणक येतो, संगणक येतो म्हणजे वेबसाइटही येणारच, असं सचिवकाकांनी परस्पर जाहीर करून टाकलं. खजिनदारांनी लगेच विचारलं, “खर्च किती?” मी म्हटलं, “आधी काय हवंय ते तरी कळू द्या.”

आमचा गट अकोले, जुन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतल्या डोंगरकडेच्या गावांत गावरान बियाणं जपतो: भात, नागली, वरई, वाल, हुलगा. आत्तापर्यंतची सगळी माहिती दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे वर्डच्या जुन्या फायली, दुसरं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा गट. गटावर दर जूनमध्ये तेच प्रश्न येतात आणि दर जूनमध्ये तीच चार माणसं तीच उत्तरं पुन्हा बोलून पाठवतात.

७ जून

संस्थेची आधी एक वेबसाइट होती, हे मला आज कळलं. काही वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाकडून करून घेतली होती. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याने स्वतःच्या नावावर घेतलं, नूतनीकरणाचा निरोप त्याच्याच ईमेलवर गेला, पुढे त्याने धंदा बदलला. त्या पत्त्यावर आता जुगाराच्या जाहिराती दिसतात, आणि तो पत्ता आमच्या छापील अहवालावर अजून आहे.

म्हणून पहिला निर्णय सॉफ्टवेअर बघण्याआधीच लिहून ठेवते: डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर, आणि त्या ईमेलचा पासवर्ड निदान दोन विश्वस्तांकडे.

डोमेन कुठलं घ्यायचं? ‘.भारत’मध्ये देवनागरी पत्ता मिळतो, २०१४ पासून. सचिवकाकांना तो फार आवडला. पण गावात इंग्रजी कीबोर्डवरच पत्ता टाकायची सवय आहे, आणि बऱ्याच फॉर्ममध्ये देवनागरी ईमेल चालत नाही. ‘.ऑर्ग’ घेतोय. २०१९ मध्ये ‘.ऑर्ग’ची नोंदणी सांभाळणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकायचं चाललं होतं. जगभरच्या संस्थांनी आरडाओरडा केला आणि एप्रिल २०२० मध्ये जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने परवानगी नाकारली. खजिनदारांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे भाव वाढला असता तर आपण काय करणार होतो?” प्रश्न बरोबर आहे. काहीच करू शकलो नसतो.

१४ जून

वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल वाचायला बसले. नवख्या माणसाला पहिला गोंधळ इथे होतो: वर्डप्रेस.कॉम आणि वर्डप्रेस.ऑर्ग. पहिली सेवा आहे. नाव नोंदवा, साइट त्यांच्याकडे राहते, सोयी हव्या तशा पैसे भरत जा. दुसरीकडे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर आपण बसवायचं. सॉफ्टवेअर मूळ एकच, २००३ पासूनचं. ज्यांना विचारलं त्यांतले निम्मे लोक एकाबद्दल बोलत होते आणि निम्मे दुसऱ्याबद्दल, आणि दोघेही नुसतं ‘वर्डप्रेस’ म्हणत होते.

गूगल साइट्सचा मी मनापासून विचार केला. खर्च नाही, अद्ययावत करत बसायची कटकट नाही, हॅक होण्याची धास्ती जवळजवळ नाही. संस्थेची पाचसहा पानं एवढंच काम असतं तर मी आजच तिथे थांबले असते, आणि तशा संस्थांना मी तेच सुचवेन. पण आमच्या प्रत्येक वाणाचं स्वतंत्र पान होणार. ते पिकानुसार, हंगामानुसार आपोआप याद्यांत लागायला हवं. तिथे ते सगळं हाताने करावं लागतं.

ड्रुपल हे असंच दुसरं सॉफ्टवेअर. पुण्यातल्या एका ओळखीच्या मुलाने आग्रह केला. ‘वाण’ म्हणजे काय, त्याला कुठले रकाने असतात, हे त्यात फार नेटकं मांडता येतं. पण ड्रुपल ७ या आवृत्तीला बनवणाऱ्यांकडून मिळणारा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्यावर असलेल्या साइटना वरच्या आवृत्तीत जाणं म्हणजे जवळजवळ नव्याने बांधणं. आमच्याकडे पगारी माणूस नाही. तो मुलगा परदेशी गेला की कोण बघणार? जुमला पाहिलं. वाईट नाही, पण अडलं तर विचारायला आसपास कोणी नाही.

वर्डप्रेस आमच्या तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सवाल्यालाही थोडंफार येतं. माझ्या दृष्टीने ही त्याची सगळ्यात मोठी सोय.

१९ जून

भाडं. सामायिक होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला इतरांसोबत वाटून घेतलेली सर्व्हरवरची जागा. त्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो पहिल्या मुदतीचा भाव, तोही तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर. नूतनीकरणाचा भाव खाली बारीक अक्षरांत, बहुतेक ठिकाणी दुपटीहून जास्त. त्यावर १८ टक्के जीएसटी. आमची जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे तो परत मिळायचा नाही, खर्चातच धरायचा. तक्त्यात मी नूतनीकरणाचाच भाव धरला. खजिनदार खूश. म्हणाले, “पहिल्यांदाच कोणीतरी दुसऱ्या वर्षाचा आकडा घेऊन आलं.”

२६ जून

दोन दिवस वीज नव्हती. तेवढ्यात जुन्या फायली चाळल्या. सगळ्या श्रीलिपीत. वर्डमध्ये छान मराठी दिसते, वेबवर चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. त्या काळातले फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवायचे, युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणारी पद्धत, तेव्हा वापरात नव्हती. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात आणि बरंचसं काम करतात. चुकतात ते रफार आणि पहिली वेलांटी या ठिकाणी. ‘वर्षाव’चं ‘वषार्व’ होतं. म्हणजे प्रत्येक पान कुणीतरी डोळ्यांखालून घालणं आलंच. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी हे काम मागून घेतलं.

६ जुलै

आषाढी. कार्यालयात कोणी नाही, म्हणून चाचणीच्या वर्डप्रेसवर शांतपणे बसता आलं. भाषा मराठी केली, सोबत येणारीच ‘ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह’ थीम ठेवली. मग पहिली खरी नोंद टाकली, ‘काळभाताची लावणी कधी करावी’, आणि तिचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवला.

दुवा आला तो टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन. शिवाय पत्त्याच्या पट्टीत शेवटचा शब्द ‘कराव’ एवढाच. वेलांटी गायब! हा टंकनदोष असेल असं वाटून पुन्हा टाकलं, पुन्हा ‘कराव’. शेवटी उलगडलं. वर्डप्रेस पानाचा पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, त्यात ‘%e0%a4’ अशा धाटणीच्या नऊ अक्षरांचं होतं. माझ्या शीर्षकात चिन्हं बावीस, म्हणजे १९८, अधिक शब्दांमधल्या तीन जागा, झाले २०१. एक जास्त, म्हणून शेवटची वेलांटी कापली.

उपाय सोपा आहे. पत्ता आपण हाताने, रोमन लिपीत, छोटा द्यायचा. पण तो नोंद प्रसिद्ध करण्याआधी द्यायला हवा, नाहीतर वाटलेले दुवे तुटायची भीती. नोंदी टाकणाऱ्यांसाठीच्या कागदावर हा पहिला नियम.

दुसरी बारीक गोष्ट. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. बाईंना ते खपायचं नाही हे ठाऊक होतं. काही फाँटांत मराठी वळणाचे ल-श आत असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच ते बाहेर येतात. साइटची भाषा मराठी केली की वर्डप्रेस ते आपोआप सांगतं. फाँट बदलून पाहिला आणि काम झालं. बाई म्हणाल्या, “आता वाचवतंय.”

१३ जुलै

आता चर्चामंच. चार पाहिले.

पीएचपीबीबी २००० सालापासून आहे. साध्या सामायिक होस्टिंगवर चालतं, दणकट आहे. रूप जुनं वाटतं, पण ते मला आडवं येत नाही. फ्लॅरम हलकं आणि देखणं. बीबीप्रेस म्हणजे वर्डप्रेसचंच जोडकाम (प्लगइन). वेगळं सॉफ्टवेअर नको, तेच सदस्य, तोच पासवर्ड. सोयी मोजक्या.

डिस्कोर्स या सगळ्यांत उजवं आहे यात वाद नाही. चर्चा वाचायला सुखाची, नव्या माणसाला हळूहळू अधिकार देण्याची पद्धत विचारपूर्वक केलेली, ईमेलवरूनच उत्तर देता येतं. पण ते आमच्या होस्टिंगवर बसत नाही. रुबी भाषेत लिहिलेलं, पोस्टग्रेस आणि रेडिस हे दोन डेटाबेस लागतात, डॉकर नावाच्या साधनातून बसवायचं, म्हणजे स्वतंत्र आभासी सर्व्हर, आणि तो राखणारा माणूस. नाहीतर त्यांच्याकडचं होस्टिंग, डॉलरमध्ये. त्यांच्या चाचणीच्या साइटवर मी एका प्रश्नाला ‘हो, चालेल’ असं उत्तर दिलं. घेतलं नाही, किमान वीस अक्षरं हवीत म्हणे. ही मर्यादा बदलता येते, पण आमच्या गटातल्या, बियाणं जपणाऱ्या मावशींचं सगळ्यात मोठं उत्तर ‘थांब जरा, पाऊस बघ’ एवढंच असतं. शिवाय मराठी शीर्षकाचा पत्ता नुसता ‘टॉपिक’ असा आला. तेही एका सेटिंगने बदलतं. अशी सेटिंगं शोधत बसणं हेच काम होऊन बसतं.

२० जुलै

मावशींच्या घरी गेले. लावणी उरकली होती. त्यांच्या फोनवर चाचणीच्या बीबीप्रेसमध्ये खातं उघडून बघायचं होतं. ईमेल मागितला. ईमेल नातवाने फोन घेताना बनवलेला, पासवर्ड त्याच्याकडे, तो नाशिकला. त्याला फोन लावला, त्याला आठवेना. पाहुणा म्हणून लिहिता येईल अशी सोय चालू केली, तर तिथेही नाव आणि ईमेल हवाच. तोवर मावशींनी व्हॉट्सअ‍ॅप उघडून प्रश्न बोलून पाठवलासुद्धा आणि पलीकडून उत्तरही आलं.

मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवून प्रवेश द्यावा, असं भाच्याने सुचवलं. चौकशी केली. व्यवस्थित मार्गाने एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणीव्यवस्थेत नोंदणी लागते. दर संदेशाला पैसे वेगळेच. नको.

निघताना मावशींनी विचारलं, “आमच्या बियाण्याचं समदं जगाला दिसणार का?” मी म्हटलं, वाणाचं वर्णन, हंगाम, साठवण कशी करायची, एवढं. “आन कुणाकडं हाय, ते?” ते नाही, म्हटलं. “मंग ठीक. बी द्यायला ना नाय. पण कुनीबी मोटार घिऊन दारात यायला नगं.”

परतताना हेच डोक्यात होतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. वाटण्याला अडचण नाही. पण कोणत्या वाडीत कोणाच्या कणगीत काय आहे, ही यादी वेबसाइटवर ‘खासगी पान’ म्हणूनसुद्धा टाकायची नाही असं मी ठरवलं. पासवर्डमागची माहिती एखाद्या चुकीच्या जोडकामामुळे उघडी पडू शकते. ती यादी जिथे आहे तिथेच, कपाटातल्या नोंदवहीत.

२७ जुलै

शोध. ‘नाचणी’ टाकलं, काही नाही. कारण आमच्याकडे सगळीकडे ‘नागली’ लिहिलेलं. ‘कुळीथ’ टाकलं, काही नाही, आमचा ‘हुलगा’. हे अपेक्षित होतं. पण मग ‘हुलगा’ टाकलं तरी ‘हुलग्याची साठवण’ ही नोंद आली नाही! वर्डप्रेसचा मूळचा शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. ‘नागलीचं’मध्ये ‘नागली’ सापडते, पण ‘हुलग्या’मध्ये ‘हुलगा’ नाही. विभक्ती लागताना शब्दाचं रूपच बदलतं, आणि हे व्याकरण त्या बिचाऱ्या शोधाला कोणी शिकवलेलं नाही. ‘वरई’-‘वरईचा’ ठीक, ‘पावटा’-‘पावट्याचा’ गेला.

शोध सुधारणारी जोडकामं आहेत. मी साधा मार्ग घेतला. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ, ‘इतर नावं’. तिथे मूळ रूप आणि माहीत असलेली सगळी नावं: हुलगा, कुळीथ. भगर, वरई. वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे. एका खोऱ्यातला वाल दुसऱ्या खोऱ्यात पावटा होतो, आणि त्यावरून गटावर भांडणं झालेली आहेत.

वर्गवारीसाठीही जोडकाम टाळलं. पीक म्हणजे प्रवर्ग, बाकी सगळं खूणशब्दांत. ‘अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ घ्यायचा मोह होता, रकाने सुंदर करता आले असते. पण गेल्या ऑक्टोबरमध्ये वर्डप्रेस आणि एका मोठ्या होस्टिंग कंपनीच्या भांडणात वर्डप्रेस.ऑर्गवरची त्या जोडकामाची फुकट आवृत्ती दुसऱ्या नावाखाली घेतली गेली. मोठ्यांच्या मारामारीत आमच्या वालाचे रकाने अडकायला नकोत.

३ ऑगस्ट

बैठक. मी तक्ता मांडला आणि सरळ सांगितलं की शेतकऱ्यांसाठी चर्चामंच आत्ता नको.

सचिवकाका नाराज. “मग बोलायचं कुठे?” माझं म्हणणं असं की बोलायला जागा आहेच. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं होतं, उत्तम होतं. आमच्याकडे नाही ती बोललेलं पुन्हा सापडायची जागा. नवा मंच काढला तर लोक इथून तिथे जाणार नाहीत, आणि गेले तर आम्हाला तो राखावा लागेल. चर्चामंच चालवणारा २०२१ च्या आयटी नियमांत ‘मध्यस्थ’, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर आपल्या जागेवर ठेवणारा, ठरतो. तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर, तक्रारीची पोच २४ तासांत, निकालही ठरलेल्या मुदतीत. लावणीच्या दिवसांत ही पोच कोण देणार, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

ठरलं ते असं: गटावरचा चांगला प्रश्न आणि त्याची उत्तरं आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून लिहून साइटवर टाकायची. उत्तर देणाऱ्याला आधी विचारायचं, नाव द्यायचं की नाही हेही विचारायचं. बोललेले संदेश ऐकून लिहायचं काम बाईंकडे आणि कॉलेजच्या दोन मुलींकडे. साइटवर प्रतिक्रिया बंद. नोंदी लिहिणाऱ्यांपुरता मात्र बीबीप्रेसचा एक बंद मंच ठेवायचा, कारण वाल की पावटा हे कुठेतरी ठरवावं लागणार, आणि ही मंडळी ईमेल रोज बघतात.

देणगीचं बटण पुढे ढकललं. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी नाही, म्हणजे परदेशी देणगी घेताच येत नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या कमाईतली देणगी चालते, तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याची चालत नाही. बटण दाबणारा यातला कोण, हे बटणाला कळत नाही. खजिनदारांचा फोन क्रमांक देऊ, त्यांना कळेल.

१० ऑगस्ट

जुनं डोमेन हातचं गेलेलंच होतं, ‘.ऑर्ग’चं नवं घेतलं. होस्टिंग घेतलं, एकाच वर्षाचं.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. मुलींनी नोंदी टाकायला सुरुवात केली आहे. फोनवरचे फोटो चारपाच एमबीचे. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो दाखवण्यापुरता स्वतःच लहान करतं, पण मूळ फोटोही सर्व्हरवर ठेवतं आणि जागा भरते. म्हणून चढवण्याआधीच लहान करायचा.

वाणाच्या फोटोत दाण्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायचं, ही सूचना मावशींची. त्याशिवाय दाणा केवढा ते कळत नाही. सगळ्या नोंदींना लागू.

१४ सप्टेंबर

राखणीचा कागद पूर्ण केला. त्यातलं नेमकं:

वर्डप्रेस आणि जोडकामं दर पंधरवड्याला अद्ययावत करायची, त्याआधी प्रत काढायची. वर्डप्रेसच्या ‘निर्यात’मध्ये मजकूर येतो, फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. तेवढ्यावर विसंबायचं नाही. होस्टिंगच्या पॅनेलमधून सगळी फोल्डरं आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घ्यायचं, एक प्रत कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर, एक बाईंच्या घरी.

प्रशासकाची खाती दोनच. बाकी सगळे ‘लेखक’ किंवा ‘संपादक’.

पासवर्ड बंद पाकिटात, संस्थेच्या कपाटात, धर्मादाय आयुक्तांकडच्या कागदांच्या फायलीशेजारी. ती फाइल दरवर्षी उघडावीच लागते, म्हणजे पाकीटही नजरेस पडेल.

डिस्कोर्सचा प्रश्न पुढच्या लावणीनंतर पुन्हा घ्यायचा. तोवर बंद मंचावर दुसऱ्या जिल्ह्यांतले लोक जागा मागायला लागले आणि सर्व्हर राखणारा कोणी मिळाला, तरच.

२१ सप्टेंबर

बाईंनी बंद मंचावर रायभोग या भाताबद्दल पहिला विषय काढला: ‘रायभोग आणि रायभोगाची हळवी जात एकच की दोन?’ (हळवी म्हणजे लवकर तयार होणारी.) अकरा उत्तरं, एकमत नाही. नोंद तूर्तास दोन स्वतंत्र पानांवर, एकमेकांचा दुवा देऊन. काढणीला कणसं हातात घेऊन बघायचं ठरलं आहे.